शिंदळ माकुडी आणि फ्रिअरसाहेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात तीसेक वर्षं इतिहास शिकवला, त्यातही साताऱ्याची गादी हा माझा आवडीचा विषय. तरी आज एका फुलझाडाविषयी बोलणार आहे. त्या झाडाचा मी एक अपराध केलेला आहे, आणि त्या झाडाला ज्याचं नाव दिलं तो साहेब माझ्या विषयातला आहे. या दोन गोष्टी मला एकाच दुपारी कळल्या, त्याही अपराधानंतर बारा वर्षांनी.

अपराध आधी सांगतो. साल १९७४, सप्टेंबरअखेरचे दिवस. पुरंदरावर आमचा एन.सी.सी.चा कॅम्प होता. पुरंदराला खेटूनच वज्रगड आहे. १६६५ साली दिलेरखानानं आधी हाच वज्रगड घेतला आणि मग पुरंदराला तोफा लावल्या, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. एका संध्याकाळी मोकळा वेळ होता म्हणून आम्ही चौघं वज्रगडाच्या कड्याखाली गेलो. तिथं कातळाच्या एका फटीतून बोटाएवढी जाड, गुळगुळीत खोडं खाली लोंबत होती. टोकाला जाडसर हिरवी पानं होती आणि खोडावर फुलं होती. फूल लहान, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढं. पाच टोकांची चांदणी. रंग तांबडा म्हणावा की जांभळा ते ठरेना, आणि त्यावर पिवळे डाग. असं फूल मी कधी पाहिलं नव्हतं. मित्राच्या खांद्यावर चढलो आणि फटीत बोटं घालून ते झाड मुळासकट ओढून काढलं.

घरी आणून डालड्याच्या डब्यात लावलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होतो. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडली, महिन्याभरात सगळी गळली. उरलं ते नुसतं करडं, सुरकुतलेलं खोड. आई म्हणाली, "मेलं रे ते. डब्यात मला तुळस लावू दे." मी खोड उपटून उकिरड्यावर टाकलं आणि विसरून गेलो.

आता मधली बारा वर्षं सोडून देतो. १९८६ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवत होतो. स्टाफरूममध्ये सर बार्टल फ्रिअरचं चरित्र वाचत बसलो होतो. जॉन मार्टिनोनं लिहिलेले दोन खंड आहेत, १८९५ चे. शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक बसायचे. त्यांनी पुस्तकावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "हा आमच्या फ्रेरियाचा फ्रिअर का?" मला फ्रेरिया ठाऊक नव्हती. ते उठले, कपाटातून एक पुस्तक आणि एक फोटो घेऊन आले. फोटोत तीच चांदणी, तेच पिवळे डाग.

पुस्तक होतं जागतिक निसर्ग संवर्धन संघाचं, म्हणजे आययूसीएनचं, १९७८ साली निघालेलं वनस्पतींचं 'रेड डेटा बुक'. धोक्यात आलेल्या जगभरच्या २५० निवडक वनस्पती त्यात दिल्या आहेत आणि फ्रेरिया इंडिका ही त्यांतली एक. सह्याद्रीच्या थोड्या कड्यांवर सापडणारी आणि महाराष्ट्राबाहेर रानात कुठं ज्ञात नसलेली.

"सर, ही मी उपटली आहे," मी म्हटलं.

"मुळासकट?"

"हो. पण जगली नाही. दिवाळीनंतर मेली."

त्यांनी चष्मा काढला. "पानं गळली असतील. खोड मऊ पडलं होतं का? कुजलं होतं?"

"नाही. सुरकुतलं होतं."

"मग मेली नव्हती," ते म्हणाले.

या झाडाची ओळख पटवण्यातली सगळी अडचण इथंच आहे. त्याचे वर्षात दोन अवतार असतात. पावसाळ्यात पानं फुटतात, पावसाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही आठवडे फुलं येतात. हवा कोरडी झाली की पानं टाकून देऊन ते नुसत्या मांसल खोडावर उन्हाळा काढतं. कातळावर चैत्र-वैशाखात जी आग असते तिच्यात पानं ठेवणं त्याला परवडत नाही. पावसाळ्यात पाहणाऱ्याला वाटतं, हे कुठलं तरी साधं रानटी झुडूप. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला वाटतं, निवडुंगाची काही जात असावी. दोन्ही वेळा तो चुकतो. हे झाड रुईच्या गोतातलं. आपली रुई, अनंतमूळ, हरणदोडी, कंदीलपुष्प हे सगळे त्याचे नातलग. अगदी सख्खी म्हणावी अशी माकडशिंगी, जी माळावर गवतात उगवते आणि जिची खोडं गुराखी कच्ची खातात. माकडशिंगीचं खोड मात्र चौधारी असतं, बोटांत धरलं की कंगोरे लागतात. हिचं खोड गोल आणि गुळगुळीत असतं. शिवाय माकडशिंगीला पानं जवळजवळ नसतातच. असली तरी खवल्यासारखी, लगेच गळणारी. हिला मात्र चांगली बोटभर लांबीची खरीखुरी पानं येतात. या पानांवरूनच पुढं विद्वानांत दीडशे वर्षं चालेल असा वाद झाला.

फुलाजवळ नाक नेलं तर किंचित कुबट वास येतो. तो आपल्यासाठी नसतो, माश्यांसाठी असतो. या कुळात परागकण सुटे नसतात, त्यांचे पुंज असतात आणि पुंजांच्या जोडीला एक बारीकसा चिमटा. माशी फुलावर बसली की चिमटा तिला अडकतो आणि ती तसाच तो पुढच्या फुलावर नेते. नेम लागला तर फळ धरतं. दोन बारीक शेंगांची जोडी येते, आत रुईसारख्याच केसाळ म्हाताऱ्या. रानात अशा शेंगा फार थोड्या दिसतात.

आता फ्रिअरसाहेब.

साताऱ्याचा इतिहास सांगताना या माणसाला टाळता येत नाही. १८३९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहमहाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. आप्पासाहेबांनाही मुलगा नव्हता. ५ एप्रिल १८४८ रोजी ते गेले, आणि जाण्यापूर्वी काही तास त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला. त्या वेळी साताऱ्याचा रेसिडेंट होता बार्टल फ्रिअर. वय अवघं तेहतीस. त्यानं वरिष्ठांना कळवलं की हे दत्तविधान मान्य व्हावं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचंही तेच मत होतं. पण कलकत्त्यात नुकताच लॉर्ड डलहौसी येऊन बसला होता. त्यानं दत्तक नामंजूर केला, कंपनीच्या संचालकांनी १८४९ च्या आरंभी त्यावर शिक्का मारला आणि शिवाजी महाराजांच्या वंशाचं साताऱ्याचं राज्य खालसा झालं. मग या खालसा मुलखाचा कारभार पाहायला कमिशनर कोण नेमला? तोच फ्रिअर. १८५० पर्यंत त्यानं तो पाहिला आणि मग बढतीवर सिंधला गेला.

हा भाग शिकवताना वर्गात दरवर्षी भांडण होई. एक मुलगा म्हणे, त्यानं आपली बाजू मांडली. दुसरा म्हणे, मांडली आणि मग स्वतःच राज्य ताब्यात घेतलं. माझं मत विचाराल तर त्याचं पत्र मला प्रामाणिक वाटतं. पण नोकरीही त्यानं सोडली नाही. मत फेटाळलं गेल्यावर राजीनामा देणारे अधिकारी तेव्हाही थोडेच होते. आणि हाच माणूस तीस वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर असताना झुलू राजाला असं निर्वाणीचं पत्र धाडतो की त्यातून १८७९ चं युद्ध पेटतं. साताऱ्यात एका राज्याची वकिली केली, तिकडं एक राज्य मोडायला निघाला. चरित्रकाराला ही सांगड घालताना बरेच कष्ट पडले आहेत, हे पानोपानी जाणवतं.

१८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. आज आपण ज्याला फ्लोरा फाउंटन म्हणतो ते कारंजं मुळात त्याच्या नावानं व्हायचं होतं. तिथं त्याच्याऐवजी फुलांची रोमन देवी उभी राहिली. फुलांच्या जगात साहेबाला दुसरीकडं जागा मिळाली, ती अशी.

निकोल डालझेल नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ १८४१ साली मुंबईत कस्टम खात्यात नोकरीला आला. जकात वसूल करता करता त्याला झाडांचा नाद लागला. पुढं तो जंगल खात्यात गेला, काही काळ सिंधमध्ये होता आणि शेवटी मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच्या आधी त्या जागेवर डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन होता. पुण्याजवळ दापोडीची आणि जुन्नरजवळ हिवऱ्याची, अशा दोन सरकारी बागा गिब्सन सांभाळायचा. दापोडीच्या बागेतल्या झाडांची त्यानं एका चित्रकाराकडून काढून घेतलेली सुरेख चित्रं आज एडिंबरोच्या बागेत जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी नोंदवलेलं नाही. डालझेल आणि गिब्सन या दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. आपल्या इलाख्यातल्या झाडांचा तो फार महत्त्वाचा ग्रंथ.

त्यानंतर तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, डालझेलनं लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात जुन्नरकडच्या डोंगरातल्या एका नव्या वनस्पतीचं वर्णन छापलं. फूल माकडशिंगीच्या गोतातलं, पण झाडाला चांगली पानं. असं त्या गोतात त्यानं कधी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यानं तिच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच उभी केली आणि तिला गव्हर्नरसाहेबांचं नाव दिलं: फ्रेरिया. पुढं इंडिका, म्हणजे भारतातली. वनसंरक्षकानं आपल्या गव्हर्नरचं नाव द्यावं यात खुशामत किती आणि कृतज्ञता किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. सरकारी नोकरी केलेल्या श्रोत्यांना मी काय सांगणार?

एक गोष्ट डालझेलच्या बाजूनं सांगायला हवी. अशा मांसल झाडांचे नमुने कागदात दाबून नीट टिकत नाहीत. खोड कुजतं नाहीतर आक्रसून जातं, फुलाचा रंग आणि ठेवण बिघडते. ताजं झाड हातात असतानाच जे काय टिपायचं ते टिपावं लागतं. त्यानं ते चांगलं टिपलं.

पुढं १९५८ साली गॉर्डन रोली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं म्हटलं की नुसत्या पानांवरून घर वेगळं मांडायची गरज नाही, हिला माकडशिंगीच्याच प्रजातीत, कॅराल्युमात घाला. आता नावांच्या नियमातली एक गंमत पाहा. कॅराल्युमा इंडिका या नावाची एक वनस्पती आधीच होती, तेव्हा 'इंडिका' पुन्हा वापरता येईना. म्हणून नाव झालं कॅराल्युमा फ्रेरेई. या शतकाच्या आरंभी मेव्ह आणि लीडे या जर्मन संशोधकांनी डीएनएच्या आधारे पुन्हा फेरमांडणी केली आणि हिला बौसेरोशिया या जुन्या प्रजातीत नेलं. आता अनेक ग्रंथांत नाव येतं बौसेरोशिया फ्रेरेई. आपल्याकडचे पुष्कळ अभ्यासक अजून फ्रेरिया इंडिकाच म्हणतात, आणि मीही त्यांच्यातलाच. पण हिशेब केला तर असा निघतो की दीडशे वर्षांच्या या उलाढालीत नावातलं 'भारतातली' गेलं आणि गव्हर्नरसाहेब राहिले.

मराठी नाव तेवढं जागेवर आहे: शिंदळ माकुडी. यातला पहिला शब्द आकाशवाणीवर उच्चारावा की नाही, असा प्रश्न मला भाषणाआधी पडला होता. सज्जनगडाच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या धनगरबाबांना मी फोटो दाखवला. त्यांनी क्षणात ओळखलं, नाव सांगितलं, शेळ्या हिच्यावर तुटून पडतात असंही सांगितलं. "बाबा, शिंदळ का म्हणायचं हिला?" असं विचारल्यावर मात्र ते तोंडाला हात लावून हसले. "मास्तर, त्ये हितं न्हाई सांगायचं," म्हणाले. बरोबर माझी मुलगी होती. कारण मला आजतागायत कळलेलं नाही.

सज्जनगड म्हणजे साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचे कडे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातला रंधा धबधबा अशा ठिकाणी हिच्या नोंदी आहेत. फ्रिअर साताऱ्यात तीनेक वर्षं राहिला. त्या काळात समोरच्या गडाच्या कड्यावर ही फुलत असणार, आणि त्याला पत्ता नसणार.

आमच्या प्राध्यापक मित्रांनी १९९१ च्या पावसाळ्यात मला एक वीतभर फांदी दिली. रानातून आणलेली नव्हे, बागेत वाढवलेल्या झाडाची. "बारा वर्षांची शिक्षा म्हणून ही सांभाळा," म्हणाले. खरं म्हणजे हे झाड सांभाळायला सोपं आहे. म्हणूनच युरोपातल्या हौशी लोकांच्या काचघरांतून ते कित्येक वर्षं सुखानं वाढतं आहे. इकडं कड्यावर संकटात आणि तिकडं कुंडीत मजेत, अशी त्याची स्थिती आहे. तरी माझी पहिली फांदी कुजलीच. कारण तेच, रोजचा तांब्याभर पाणी. माणूस प्रेमानं मारतो ते असं.

दुसऱ्या फांदीला मी नीट विचारून लावलं. फांदी कापल्यावर लगेच मातीत खोचायची नाही. सावलीत चारसहा दिवस तशीच ठेवायची, कापलेल्या तोंडावर खपली धरू द्यायची. कुंडीत अर्ध्याहून जास्त मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि जाडी वाळू, बाकी थोडा कुजलेला पाला. काळी माती अजिबात नको. फांदी उभी खोचण्यापेक्षा आडवी टेकवून ठेवली तर पेरांपाशी मुळं धरतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा. पावसाळ्यात पाणी घालावं, पण ते कुंडीत थांबता कामा नये. पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडत जायचं आणि उन्हाळ्यात खोड फारच सुरकुतलं तर महिन्यातून एखादा शिडकावा. पिठ्या ढेकणांवर मात्र लक्ष ठेवावं, ते पेरांत दडून बसतात. मी जुन्या दातांच्या ब्रशनं काढतो.

त्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज एक संवाद व्हायचा. सौभाग्यवती कुंडीकडं बघून म्हणायची, "मेलंय हो ते." आणि मी म्हणायचो, "मेलं नाही." आतून माझी खात्री नव्हती. दर आठवड्याला खोड दोन बोटांत हलकेच दाबून पाहायचो. कडक लागायचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाची एक सर आली आणि चौथ्या की पाचव्या दिवशी टोकाला मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी चप्पल न घालताच मित्राच्या घरी सांगायला गेलो.

आता माझ्याकडं सात कुंड्या आहेत, सगळ्या त्या एकाच फांदीच्या. फुलं दरवर्षी येतात. शेंग एकदाही धरलेली नाही.

निवृत्तीनंतर मी मित्रांपाशी एक विचार बोलून दाखवला. वज्रगडावरून एक झाड नेलं होतं, आता सातांतलं एक तिथं त्या फटीत परत लावून यावं. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, "मुळीच नाही. तुमची फांदी सज्जनगडाकडच्या झाडाची. वज्रगडाची झाडं वेगळी वाढलेली आहेत, त्यांच्यात कशाला मिसळता? शिवाय गड काही आपली परसबाग नाही." रानात पुन्हा लावण्याचं काम शास्त्रज्ञांनी केलं आहे. शिरवळजवळ शिंदेवाडीला नौरोजी गोदरेज यांच्या नावाचं वनस्पती संशोधन केंद्र आहे, तिथं या झाडाची रोपं वाढवली गेली. पण त्यात कुठली फांदी कुठल्या कड्याची याचा हिशेब ठेवावा लागतो. माझ्यासारख्यानं पिशवीत कुंडी घालून गड चढणं ही पुन्हा तीच १९७४ ची गोष्ट झाली असती, उलट्या दिशेनं. हे पटायला मला थोडे दिवस लागले.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मुलीबरोबर वज्रगडाकडं गेलो. गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळं कड्याच्या तळाशीच थांबलो आणि दुर्बीण लावली. ज्या फटीतून मी झाड काढलं ती नेमकी कुठली, ते पन्नास वर्षांनी सांगता येत नाही. खालच्या अंगाला, जिथं माणसाचा हात पोचेल तिथं, काहीच नव्हतं. वर, बरंच वर, एका काळ्या कपारीतून तीन-चार हिरवे झुबके लोंबत होते. मुलीनं दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, फुलं आहेत."